गरिबाच्या अंगणातील विज्ञान : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

पर्यावरणस्नेही जीवनशैली हा शब्दप्रयोग अलीकडे वारंवार कानी पडतो. ही जीवनशैली बाजारात विकायलाही ठेवलेली दिसते. सेंद्रिय भाजी साध्या भाजीपेक्षा महाग, हातमागाचे कापड गिरणीच्या कापडापेक्षा महाग, सौरऊर्जेची उपकरणे तर अनेकांच्या आवाक्याबाहेरची. त्यामुळे महिनाअखेरीस वाण्याच्या उधारीची वही धास्तीने उघडणाऱ्या कुटुंबाला असे वाटू लागते, की निसर्गाची काळजी घेणे हे ज्यांचा खिसा भरलेला आहे त्यांचे काम. आपण आपले पोट भरावे आणि गप्प बसावे. हा समज किती चुकीचा आहे हे ज्यांच्या जीवनावरून लख्खपणे कळते, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि मराठी घराघरांतून वाचले गेले. शाळेच्या बक्षीस समारंभात ते पुस्तक मिळालेले अनेक जण आपल्यात असतील. बहुतेकांच्या स्मरणात कार्व्हर आहेत ते शेंगदाण्यापासून शेकडो पदार्थ बनविणारे शास्त्रज्ञ म्हणून. परंतु त्यांच्या जीवनाचा खरा गाभा शेंगदाण्याहून मोठा आहे, असे आम्हांला वाटते. ज्याच्या हातात पैसा नाही अशा माणसाने जमिनीशी, झाडापानांशी आणि टाकाऊ वस्तूंशी कसे नाते जोडावे, याचा त्यांनी जन्मभर शोध घेतला.

गुलामीत जन्म

कार्व्हर यांची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही. गुलामांच्या जन्माची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटत नसे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात डायमंड या खेड्याजवळ, १८६४ च्या सुमारास ते जन्मले असे मानले जाते. मोझेस आणि सुझन कार्व्हर हे गोरे शेतकरी दांपत्य त्यांच्या आईचे मालक होते. आईचे नाव मेरी. यादवी युद्धाच्या त्या धामधुमीत लुटारूंनी मेरीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला पळवून नेले. मोझेस कार्व्हर यांनी शोधासाठी माणूस पाठविला. बाळ परत आले, आई मात्र कधीच सापडली नाही. त्या बाळाच्या मोबदल्यात एक घोडा द्यावा लागला, असे सांगतात. पुढे लवकरच गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली आणि कार्व्हर दांपत्याने जॉर्ज व त्याचा थोरला भाऊ जिम यांना आपल्याच घरात वाढविले.

जॉर्ज प्रकृतीने अगदी तोळामासा होता. शेतातील जड कामे त्याच्याने होत नसत. म्हणून तो सुझनबाईंच्या हाताखाली घरकाम शिकला. स्वयंपाक, धुणे, शिवणटिपण, विणकाम, परसबाग अशी सारी कामे त्याला येऊ लागली. त्या काळच्या शेतकरी घरात बाजारातून फारसे काही येत नसे. साबण घरी बनायचा, कापडाचा रंग झाडाच्या सालीतून निघायचा, फाटलेला कपडा ठिगळ लावून पुन्हा वापरात यायचा. उरलेला वेळ जॉर्ज रानात घालवी. आजारी रोपे तो उचलून आणी, त्यांची माती बदली, ऊन-सावली पाहून जागा बदली. शेजारीपाजारी आपली सुकलेली झाडे या मुलाकडे आणू लागले. पुढच्या आयुष्यात कार्व्हर यांनी जे शिकविले त्याची मुळे या दोन शाळांत आहेत : सुझनबाईंचे स्वयंपाकघर आणि घरामागचे रान.

शिक्षणासाठी पायपीट

गावातील शाळा काळ्या मुलांना घेत नव्हती. म्हणून जॉर्ज निओशो या गावी गेला. तेथे मरिया वॉटकिन्स या कृष्णवर्णीय बाईंनी व त्यांच्या पतीने त्याला आसरा दिला. मरियाबाई सुईण होत्या, लोकांचे कपडे धूत आणि रानातील औषधी वनस्पती ओळखत. त्यांच्या घरी राहून, त्यांना धुण्यात मदत करीत जॉर्ज शाळेत जाऊ लागला. त्यांच्याच सहवासात बायबल वाचनाची गोडी त्याला लागली, ती अखेरपर्यंत टिकली.

त्यानंतरची वर्षे भटकंतीची आहेत. कॅन्सस राज्यातील फोर्ट स्कॉट येथे १८७९ साली त्याने एका काळ्या माणसाला गोऱ्या जमावाकडून ठार मारले जाताना पाहिले आणि त्या गावातून तो निघून गेला. पुढे हायलँड येथील महाविद्यालयाने अर्ज पाहून प्रवेश दिला. परंतु तो प्रत्यक्ष दारात उभा राहिल्यावर, त्वचेचा रंग पाहून, प्रवेश नाकारण्यात आला. निराश न होता त्याने १८८६ मध्ये कॅन्ससच्या माळरानावर सरकारी जमिनीचा एक तुकडा मिळविला. तेथे लाकूड नव्हते, विटाही नव्हत्या. गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीचे ठोकळे कापून त्यांनी बांधलेल्या घरात तो राहिला आणि १७ एकर जमीन नांगरून त्याने पिके काढली. जे भोवताली आहे त्यातूनच गरज भागवायची, हा धडा त्या मातीच्या घराने त्याला पक्का दिला.

अखेर १८९० साली आयोवा राज्यातील सिम्प्सन महाविद्यालयाने त्याला प्रवेश दिला. फी भरल्यावर त्याच्या हातात दहा सेंट उरले. त्यातून त्याने मक्याचे पीठ आणि थोडी चरबी विकत घेतली व त्यावर पहिला आठवडा काढला. खोलीतील सामान म्हणजे खोकी आणि मोडक्या वस्तू. मग तो विद्यार्थ्यांचे कपडे धुऊन पोट भरू लागला. त्याला चित्रकार व्हायचे होते. चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्याचे वनस्पतींचे प्रेम ओळखले आणि एम्स येथील कृषी महाविद्यालयात जाण्याचा सल्ला दिला. तेथे सुरुवातीला त्याला इतर विद्यार्थ्यांसोबत जेवायलाही बसू देत नसत. परंतु १८९४ मध्ये त्याने पदवी मिळविली, १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळविली आणि त्याच संस्थेत शिकविणारा पहिला कृष्णवर्णीय अध्यापक होण्याचा मान मिळविला. त्याने रंगविलेल्या एका चित्राला १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात गौरवपूर्ण उल्लेख लाभला.

टस्कीगीची भुकेली माती

याच सुमारास दक्षिणेकडील अलाबामा राज्यातून एक पत्र आले. कृष्णवर्णीयांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगी येथे १८८१ साली संस्था काढली होती. तेथील शेती विभागासाठी त्यांना माणूस हवा होता. वर्षाला एक हजार डॉलर पगार आणि राहण्याची सोय. एम्समधील प्रतिष्ठेची जागा सोडून ऑक्टोबर १८९६ मध्ये कार्व्हर टस्कीगीला पोहोचले. थोड्या काळासाठी म्हणून आलेले कार्व्हर तेथे ४६ वर्षे राहिले.

तेथे त्यांनी काय पाहिले हे समजून घेतल्याशिवाय त्यांचे कार्य कळणार नाही. मैलोन् मैल कापूस. त्याच जमिनीत वर्षानुवर्षे तेच पीक घेतल्याने मातीतील कस संपला होता. पावसाचे पाणी उतारावरची माती वाहून नेत होते आणि शेतांत खोल घळी पडल्या होत्या. कसणारे बहुतेक लोक कालचे गुलाम, आजचे वाटेकरी कूळ. जमीन मालकाची, बी-बियाणे, पीठ-मीठ आणि खत दुकानदाराकडून उधारीवर. त्या उधारीपोटी उभे पीक गहाण. व्याज जबर. वर्षअखेरीस हिशेब झाला की हातात काही नाही, उलट पुढच्या वर्षासाठी नवे कर्ज. दुकानदाराला कापूसच हवा, कारण कापूस विकून पैसा सुटतो. म्हणून कूळ घराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस लावी आणि भाजीसुद्धा विकत घेई. मीठ लावलेले चरबीचे डुकराचे मांस, मक्याचे पीठ आणि काकवी हाच आहार. अशा आहाराने येणारा पेलाग्रा नावाचा रोग त्या भागात पुढे मोठ्या प्रमाणावर पसरला.

भुकेली माती आणि भुकेले माणूस ही दोन वेगळी संकटे नाहीत, हे कार्व्हर यांनी ओळखले. कर्जाने माणूस कापसाला बांधला गेला होता, कापसाने माती झिजली होती आणि झिजलेल्या मातीने कर्ज वाढविले होते. हे चक्र कोठेतरी तोडावयाचे होते.

प्रयोगशाळेत काहीही नव्हते. त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन भंगाराचे ढीग आणि घरांमागचे उकिरडे पालथे घातले. रिकाम्या बाटल्या, फुटके डबे, जुनी भांडी, तारा आणि रबराचे तुकडे गोळा केले. बाटल्यांची तोंडे कापून चंचुपात्रे केली, जुन्या कंदिलाचा उपयोग पदार्थ तापविण्यासाठी केला. अशी ती प्रयोगशाळा उभी राहिली. विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी कळले, की ज्याला आपण कचरा म्हणतो ती पुष्कळदा चुकीच्या जागी पडलेली वस्तू असते.

अलाबामाच्या विधिमंडळाने १८९७ मध्ये टस्कीगीला कृषी प्रयोगकेंद्र मंजूर केले. वर्षाला पंधराशे डॉलर एवढीच तरतूद होती. सुरुवातीला कार्व्हर यांनीही एम्समध्ये शिकल्याप्रमाणे विकतच्या खतांचे प्रयोग केले. परंतु लवकरच त्यांच्या लक्षात आले, की जो शेतकरी पिठासाठी उधारी करतो त्याला खताची गोणी घ्यायला सांगणे म्हणजे त्याच्या गळ्यातील फास आवळणे. म्हणून त्यांनी आपल्या प्रयोगांसाठी एक नियमच घालून घेतला. गरिबातील गरीब शेतकऱ्याला जे करता येणार नाही, ते करावयाचे नाही. एक बैल किंवा एक खेचर, साधा नांगर, आणि भोवताली फुकट मिळणारा माल, एवढ्यावर जे साधेल तेच खरे.

येथे आम्ही वाचकांचे लक्ष विशेषकरून वेधू इच्छितो. कार्व्हर हे सेंद्रिय शेतीकडे वळले ते एखाद्या मोठ्या सिद्धांतामुळे नव्हे. गरिबाच्या खिशाचा विचार करता करता ते निसर्गाच्या मार्गावर येऊन पोहोचले. जे स्वस्त आहे तेच मातीच्या हिताचेही ठरले.

फुकटची श्रीमंती

जंगलातील पालापाचोळा, दलदलीतील काळा गाळ, गोठ्यातील शेण, स्वयंपाकघरातील उरलेसुरले हे सर्व एकावर एक थर देऊन कुजवायचे आणि शेतात घालायचे, असे त्यांनी शिकविले. त्यासाठी एक पैसाही लागत नव्हता. लागत होते ते हिवाळ्यातील रिकामे दिवस आणि अंगमेहनत. उतारावर आडवी नांगरट करून आणि बांध घालून माती अडविण्यास त्यांनी सांगितले. कापसानंतर चवळी, भुईमूग अशी शेंगवर्गीय पिके घेण्याचा आग्रह धरला. या पिकांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतील जिवाणू हवेतील नायट्रोजन धरून मातीत आणतात. खताच्या दुकानात ज्यासाठी पैसे मोजावे लागतात ते हवेतून फुकट मिळते, आणि वर शेंगा खायला मिळतात. चवळी आणि शेंगदाणे यांत भरपूर प्रथिने असल्याने माती आणि माणूस दोघांचेही पोट भरते. रताळीही त्यांनी याच हेतूने रुजविली, कारण हलक्या जमिनीत ती उत्तम येतात आणि नीट साठविली तर हिवाळाभर पुरतात.

हे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी सोप्या भाषेत छोट्या पुस्तिका लिहिल्या. १८९८ पासून निधनापर्यंत चाळीसहून अधिक पुस्तिका प्रसिद्ध झाल्या. त्यांचे विषय पाहिले तरी या माणसाची दृष्टी कळते. पहिलीच पुस्तिका होती ओक वृक्षाच्या जमिनीवर पडून वाया जाणाऱ्या फळांविषयी. ही फळे गोळा करून डुकरांना चारली तर विकतचा मका किती वाचतो, याचा हिशेब त्यांनी मांडला. १९०७ साली रानटी आलुबुखार वाया न घालवता कसे टिकवावे, हे सांगितले. १९११ साली स्थानिक मातीपासून घराचे रंग कसे करावेत, हे सांगितले.

ही मातीच्या रंगांची गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. कुळांच्या झोपड्या काळवंडलेल्या, उदासवाण्या असत. रंगाला पैसे कोठून आणायचे? टस्कीगीच्या परिसरात पांढरी, पिवळी, तांबडी माती मुबलक होती. ती खणून आणायची, पाण्यात कालवायची, खडे गाळून काढायचे आणि भिंतीला लावायची. आपल्याकडे मातीच्या भिंतींना गेरू आणि पांढरी माती लावणाऱ्या आयाबहिणींना हे तंत्र सांगावे लागले नसते. परंतु गरिबाचे घर सुंदर दिसावे हा त्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी कर्ज काढण्याची गरज नाही, हा विचार त्या पुस्तिकेमागे होता. अंगणात रानातील फुलझाडे आणून लावा, असेही ते सांगत. रिकाम्या गोणपाटातून त्यांनी स्वतः पायपुसणी आणि भरतकामाचे नमुने केले, त्यांना वनस्पतींचे रंग दिले.

पुस्तिका वाचता येत नाहीत अशांसाठी दुसरा मार्ग होता. शनिवार-रविवार खेचराच्या गाडीत नमुने भरून ते खेड्याखेड्यांत जात. त्यातूनच १९०६ मध्ये फिरत्या शेतीशाळेची घोडागाडी सुरू झाली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसा दिला म्हणून ती जेसप वॅगन या नावाने ओळखली गेली. ती एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात थांबे. शेजारची कुटुंबे जमत. पुरुषांना नांगरट दाखविली जाई आणि स्त्रियांना अन्न टिकविण्याच्या रीती शिकविल्या जात.

पुढे मेक्सिकोकडून आलेला कापसाच्या बोंडातील सोंड्या किडा १९१० च्या सुमारास अलाबामात शिरला आणि कापसाची शेतेच्या शेते उद्ध्वस्त झाली. तेव्हा एकाच पिकावर विसंबू नका, हा कार्व्हर यांचा सल्ला लोकांना पटू लागला. १९१६ मध्ये त्यांनी भुईमुगाची लागवड आणि शेंगदाणे खाण्याचे १०५ प्रकार सांगणारी पुस्तिका काढली. पहिल्या महायुद्धात गव्हाची टंचाई झाली तेव्हा पावात रताळ्याचे पीठ मिसळण्याचे त्यांचे प्रयोग टस्कीगीच्या भटारखान्यात यशस्वी झाले. १९२१ साली भुईमुगावरील आयातकराच्या प्रश्नावर अमेरिकन संसदेच्या समितीपुढे ते बोलले. दहा मिनिटे दिली होती. सदस्यांनी ती पुनःपुन्हा वाढवून दिली.

चमत्कार आणि सत्य

थोर माणसांभोवती दंतकथा जमतात. कार्व्हर यांचेही तसेच झाले. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधून काढले असे अनेकांना वाटते, ते खरे नाही. तीनशे पदार्थांच्या प्रसिद्ध यादीत अनेक गोष्टी जुन्या, अनेक एकमेकींसारख्या आहेत, आणि बाजारात चालल्या त्या फारच थोड्या. त्यांच्या नावावर पेटंट केवळ तीन आहेत. त्यांच्या सल्ल्याने दक्षिणेतील गरिबी संपली, असेही म्हणता येणार नाही. ज्या कुळाची जमीन पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील की नाही याचीच खात्री नव्हती, त्याने मालकाच्या शेतात तीन वर्षे खत का ओतावे? दुकानदार कापूसच लावायला सांगत असेल तर चवळी कोठे पेरावी? अन्यायाच्या व्यवस्थेला केवळ काटकसरीने उत्तर देता येत नाही, हे या इतिहासातून दिसते.

स्वभावानेही ते निर्दोष पुतळा नव्हते. टस्कीगीला येताच त्यांनी आपल्या वनस्पतींच्या नमुन्यांसाठी वेगळी खोली मागितली, तेव्हा दाटीवाटीने राहणारे सहकारी दुखावले. कोंबड्यांच्या खुराड्याचा कारभार आणि अहवाल यांवरून बुकर वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे वर्षानुवर्षे खटके उडाले. राजीनाम्याची भाषाही अनेकदा झाली.

तरीही अलीकडच्या इतिहासकारांनी त्यांच्याकडे नव्याने पाहिले आहे. शेंगदाण्याचा जादूगार ही प्रतिमा बाजूला सारून, माती, पाणी, झाडे, जनावरे आणि माणसे एका धाग्याने बांधलेली आहेत हे गरिबांच्या भाषेत सांगणारा पर्यावरणाचा शिक्षक, असे त्यांचे स्थान आता ठरत आहे. आम्हांला हा गौरव तीनशे पदार्थांच्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो.

जसे सांगितले तसे जगले

कार्व्हर यांनी गरिबांना जे सांगितले ते स्वतः आचरिले. जुना कोट वर्षानुवर्षे वापरला, फाटला तिथे स्वतः शिवला. गळ्यातील टाय स्वतः विणून रानातील रंगात रंगविला. त्या जुन्या कोटावर मात्र रोज ताजे फूल असे. आलेल्या टपालाची दोरी ते सोडवून गुंडाळून ठेवीत, वेष्टनाचा कागद पुन्हा वापरीत. पहाटे चार वाजता उठून ते रानात जात. तेथील शांततेत ते प्रार्थना करीत आणि येताना नमुने घेऊन येत. रविवारी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सुरू केलेला बायबल वर्ग सुमारे तीन दशके चालला. सृष्टी म्हणजे परमेश्वराने माणसाशी बोलण्याचे साधन, ही त्यांची श्रद्धा होती. त्यामुळे एखादे पान वाया घालविणे त्यांना केवळ तोट्याचे नव्हे, तर अनादराचे वाटे.

कीर्ती आली तरी राहणी बदलली नाही. १९२३ मध्ये स्पिंगार्न पदक, १९३९ मध्ये रूझवेल्ट पदक मिळाले. मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड त्यांचे मित्र झाले. वृद्धापकाळी जिने चढणे कठीण झाले तेव्हा फोर्ड यांनी त्यांच्या निवासात लिफ्ट बसवून दिली. १९३० च्या दशकात त्यांनी महात्मा गांधींनाही आपल्या पुस्तिका पाठविल्या होत्या. पगाराचे धनादेश मात्र कित्येकदा तसेच पडून राहत. अशा साधेपणाने साठलेली पुंजी त्यांनी १९४० मध्ये संशोधन प्रतिष्ठान स्थापन करण्यासाठी दिली. मृत्यूनंतरची मालमत्ताही तिकडेच गेली. एकूण रक्कम साठ हजार डॉलरच्या घरात होती. त्यांच्या वस्तुसंग्रहालयासाठी टस्कीगीने जी इमारत दिली ती पूर्वी संस्थेचे धुण्याचे घर होती. लोकांचे कपडे धुऊन शिकलेल्या माणसाचे स्मारक धोबीघरात व्हावे, याहून योग्य ते काय?

दुसरे महायुद्ध सुरू असताना, १९४२ साली, त्यांनी रानभाज्यांवर पुस्तिका काढली. अन्नधान्याची चणचण असताना पायाखाली तुडविल्या जाणाऱ्या वनस्पतींकडे त्यांनी लोकांचे लक्ष वेधले. त्यांत जिला आपण चाकवत म्हणतो ती भाजी आहे आणि आपल्या ओळखीची घोळही आहे. अमेरिकेतील काळ्या शेतकऱ्याच्या आणि आपल्या आजीच्या ताटात एकच भाजी होती, हे वाचून आम्हांला मोठे कौतुक वाटले. तिकडे ती तण ठरली होती, आपल्याकडे ती विसरली जात आहे.

५ जानेवारी १९४३ रोजी, जिन्यावरून पडल्यानंतर काही काळाने, कार्व्हर यांचे निधन झाले. टस्कीगी येथे बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्यांना पुरण्यात आले. जिवंतपणी भांडलेले ते दोघे आता शेजारी विसावले आहेत. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांच्या जन्मस्थळाला अमेरिकेचे राष्ट्रीय स्मारक घोषित करण्यात आले. कृष्णवर्णीय अमेरिकन व्यक्तीच्या नावाने झालेले ते पहिलेच राष्ट्रीय स्मारक होय.

आपल्यासाठी

वाचकहो, कार्व्हर यांचे जीवन वाचून आपण उद्या शेती करावयास जाणार नाही. आपल्यातील अनेकांच्या वाड्या विकल्या गेल्या, त्या जागी इमारती आल्या. अनेक जण दोन खोल्यांच्या सदनिकेत राहतात. तरीही त्यांचा नियम आपल्याला लागू पडतो. काही विकत घेण्याआधी घरात, अंगणात, शेजारी काय आहे ते पाहावे. भाजीची देठे आणि फळांच्या साली कचरागाडीत टाकण्याऐवजी एका जुन्या कुंडीत किंवा बादलीत मातीचा थर देत कुजवाव्यात. काही महिन्यांत उत्तम खत होते आणि त्यावर मिरची, कोथिंबीर, अळू सहज येते. पावसाळ्यात बाजारात बसणाऱ्या आदिवासी भगिनींकडून रानभाजी घ्यावी; ती स्वस्त असते, पौष्टिक असते आणि तिला औषधफवारा लागत नाही. उसवलेला कपडा शिवून घ्यावा. जुनी साडी गोधडीत जावी. घरातील लग्नकार्यात किंवा धर्मग्रामाच्या सणात थर्माकोलच्या ताटांऐवजी केळीचे पान किंवा पत्रावळ वापरावी. यातील एकाही गोष्टीला जादा पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

आणि एक गोष्ट विसरू नये. कार्व्हर यांनी काटकसर शिकविली ती गरिबाने गरिबीतच समाधान मानावे म्हणून नव्हे. उधारीच्या वहीतून त्याचे नाव कमी व्हावे, त्याच्या मुलांच्या ताटात भाजी यावी, आणि त्याच्या झोपडीच्या भिंतीलाही रंग असावा, म्हणून. मातीची झीज आणि माणसाचे कर्ज यांची गाठ त्यांनी ओळखली होती. ती गाठ आजही सुटलेली नाही. आपल्या राज्यातील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची दुःखे आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा अलाबामाची ती शेते दूरची वाटत नाहीत. म्हणूनच त्यांचे चरित्र पुन्हा एकदा वाचावे, घरातील मुलांना वाचावयास द्यावे, आणि त्यातील एखादी तरी गोष्ट या आठवड्यात करून पाहावी, अशी आमची सर्व वाचकांना विनंती आहे.